सदरेवरचा आपला माणूस

१९२८ साल. त्या वर्षी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात बिशप नेमण्याबद्दल करार झाला होता. कोर्लईचे पाद्री मिनेझ रेवदंड्याहून परतताना आमच्या ओटीवर टेकले, की तोच विषय निघे.

माझे वडील धर्माजी गावचे पुढारी. त्यांनी विचारलं, "पाद्रीबाबा, पोप रोमात, राजा लांब त्याच्या देशात. मग राजाचं तिथं ऐकतं कोन?"

"पोर्तुगालात आता राजा नाही, पण पूर्वी राजाचा माणूस असायचा तिथे. पोपच्या सल्लागारांना कार्डिनल म्हणतात. आधी संन्याशांच्या एका संघाने पोपकडे मागितलं, यातला एक आमचा पालक म्हणून द्या. पुढे राजेही आपापला कार्डिनल धरू लागले. राजा त्याला मान आणि उत्पन्न द्यायचा, तो पोपच्या दरबारात राजाची बाजू मांडायचा. एका पोपने बंदी घातली, पण ते थांबलं नाही. शेवटी पोपांनीच ती रीत मान्य केली."

"म्हंजे बसायचं पोपाजवळ, बोलायचं राजाचं!" आई आतून हसली.

"होय रंगूबाई. पण डोक्यावरची लाल टोपी पोपचीच. वेळ आली की तो कुणाचा, हे राजालाही आधी कळत नसे."

वडिलांनी पुढचं ऐकलंच नाही.

खोताला आमची खाडीकाठची भातशेती मोडून मिठागरं करायची होती. त्याच्या सदरेवरचा बाळाजी कारभारी आमच्या नात्यातला. त्याला आपला करायचं वडिलांनी ठरवलं. द्यायला आमच्याकडे एकच मोठी गोष्ट होती, उघाडीचा मान. खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार म्हणजे उघाडी. भरतीआधी तिच्यात फळ्या घालायच्या, ओहोटीला काढायच्या. ज्याने मानाचा नारळ वाहिला त्यानेच फळ्यांना हात लावायचा. दुसऱ्याने लावला तर खाडी गाव गिळते, असं सगळे मानत. मान आमच्या घरात होता.

"घरचा मान त्याला? आनि आपन काय टाळ्या पिटायच्या?" आई म्हणाली.

"गप ऱ्हा गो. आता खोताच्या कानाशी आपला मानूस हाय."

बाळाजीने नारळ वाहिला. पाद्री बांधावर उभे होते. हळूच म्हणाले, "धर्माजी, कार्डिनल उलटला तरी राजाचं राज्य जात नव्हतं."

भाद्रपदातली अमावस्या. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. सकाळच्या ओहोटीला बाळाजीने फळ्या काढल्या आणि तो खोताकडे गेला. दुपारी उधाण चढू लागलं, तरी तो परतला नाही. सगळं गाव बांधावर उभं. खारं पाणी उघाडीतून शेतात शिरलं. वडील फळ्यांकडे धावले, तर म्हाताऱ्या दयारामने त्यांचा हात धरला.

"मान तुझा न्हाय आता, धर्मा."

कुणीच फळ्यांना शिवलं नाही. भाताचे शेंडे आधी डोलले, मग दिसेनासे झाले.

पुढच्याच वर्षी तिथे मिठागरं झाली. बाळाजी त्यांचा मुकादम झाला. दोन वर्षांनी खोताने त्यालाही काढला. तो मुंबईला गेला म्हणतात. पाद्री मिनेझ गोव्याला परतले आणि तिथेच वारले. दयाराम भात बुडालं त्याच वर्षी वारला. वडील मरेपर्यंत त्याच मिठागरावर मीठ ओढत राहिले. मला चौलला दिलं. आई माझ्याकडे आली की आधी विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन बघायची, मगच प्यायची.