उघडं लोखंड

बटण दाबलं की ‘टक्’ असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. आठवडाभर त्या एका ‘टक्’नं दोघा भावांच्या नाकी नऊ आणले होते. बटण साफ मेलं असतं तर परवडलं असतं, निदान रडून मोकळं होता आलं असतं. हे म्हणजे दारावर थाप मारून पळणाऱ्या कार्ट्यासारखं होतं. थाप ऐकून उठावं, आशेनं दार उघडावं, तर बाहेर कुणी नाही.

मोटरसायकल दोघांची. तरुणपणी निम्मे निम्मे पैसे घालून घेतली तेव्हाच ती जुनी होती. आता तर इतकी जुनी झाली होती, की लोक तिला भंगार म्हणायचं सोडून कौतुकानं बघायला लागले होते. बटणावर चालू होणारी गाडी त्या काळी गल्लीत दुसरी नव्हती. पुढे स्टार्टर बिघडला, पण दोघांच्याही पायांत दम होता, किक मारून भागत होतं, म्हणून बटणाकडे कुणी बघितलं नाही. मग गेल्या वर्षी दादाच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, हातही बरेचसे परत आले, पण उजव्या पायात ब्रेक दाबण्यापुरताच जोर उरला. किकचा विषय संपला.

दादा वायरमन आणि धाकटा गाड्यांना रंग देणारा. गाडी पुन्हा उभी करायची हे खूळ धाकट्याचं. त्यानं ती पार सुटी केली, एकेक भाग घासला, रंगवला, आणि मग दादानं जुन्या वायरी फेकून नव्या ओढल्या, स्टार्टरमधले झिजलेले कार्बन बदलले. आजारानंतर दादानं हातात घेतलेलं हे पहिलं काम. नेमका त्याच वेळी एका जुन्या ओळखीच्या कंत्राटदारानं विचारलं, की शाळेची नवी इमारत होते आहे, तिचं वायरिंग करणार का. दादानं घरात सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं: रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी बटणावर चालू झाली तर हो म्हणेन, नाहीतर माझी हत्यारांची पिशवी कुणाला तरी देऊन टाका. ज्याला स्वतःच्या गाडीतल्या चार वायरी धड जोडता येत नाहीत, त्यानं शाळेतल्या पोरांच्या डोक्यावर पंखे टांगू नयेत. वहिनीनं परोपरीनं सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आज रविवार होता आणि दुपार उलटून गेली होती.

तपासायचं काही बाकी राहिलं नव्हतं. बॅटरी नवी, दिवा लख्ख, हॉर्न असा की शेजारी खिडकीत यावेत. ‘टक्’ यायचा तो स्टार्टरला वीज सोडणाऱ्या रिलेमधून, म्हणजे बटणाचा निरोप तिथवर पोचत होता. रिले बदलून झाला. जाड वायर बदलून झाली. धाकट्यानं किक मारली की इंजिन पहिल्या फटक्यात सुरू व्हायचं, आणि ते सुरू झालं की दादा दुसरीकडे बघायचा, म्हणून धाकट्यानं किक मारणंच सोडलं होतं. सगळ्यात चीड आणायचा तो स्टार्टर. इंजिनावरून सोडवून खाली फरशीवर ठेवला आणि बॅटरीच्या दोन वायरी चिमट्यांनी लावल्या की असा भन्नाट फिरायचा, की पायानं दाबून धरावा लागे. परत जागेवर बसवला की ये रे माझ्या मागल्या, टक्.

धाकट्याचा संयम बुधवारीच संपला होता. तेव्हापासून तो आडून आडून विचारत होता. एखादी वायर उलटी तर नाही ना लागली? डाव्या हातानं जोडलेलं एखादं कनेक्शन सैल राहिलं असेल का? विचारायची पद्धत गोड, पण सूर एकच, की दादा, चूक तुझी आहे. दादाही काही न बोलता पुन्हा सगळ्या वायरी पहिल्यापासून तपासायला घ्यायचा. पूर्वीचा दादा असता तर असल्या प्रश्नाला पाना फेकून मारला असता. हा नवा, गप्प बसणारा दादा धाकट्याला बघवत नव्हता, आणि बघवत नव्हता म्हणून तो आणखीच चिडत होता.

‘शेवटचं खोलून बघू,’ दादा म्हणाला. ‘मग हात धुऊ.’

स्टार्टर पुन्हा खाली आला. दादानं एक चिमटा वरच्या टोकाला लावला, दुसरा स्टार्टरच्या अंगाला. काही झालं नाही. मग त्यानं तो दुसरा चिमटा नेहमीच्या सवयीनं दाबून अर्धा वळसा पिळला. स्टार्टर गरगर फिरला. चिमट्याचे दात जिथे रुतले, तिथे काळ्याभोर रंगावर चार पांढरे ओरखडे उठले.

‘हळू ना, दादा,’ धाकटा कळवळला. ‘रंग निघतोय.’

बोलता बोलता तो ओरखड्यांवर वाकला. त्यानं दादाच्या हातातून चिमटा घेतला. स्टार्टरच्या ओरखडा नसलेल्या, चकचकीत रंगावर अलगद लावला. स्टार्टर ढिम्म. ओरखड्यावर टेकवला. स्टार्टर फिरला. पुन्हा रंगावर, पुन्हा ओरखड्यावर.

उघडं लोखंड म्हणजे गंजाला आवतण, हे त्याचं धंद्यातलं ब्रीद. गिऱ्हाईक वरून बघतं, पण गंज आतून बघतो, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. त्यामुळे त्यानं नुसतं दिसतं तेवढं रंगवलं नव्हतं. स्टार्टरचं बूड रंगवलं होतं, इंजिनावरची त्याची बैठक रंगवली होती, बोल्ट रंगवले होते, आणि बॅटरीची अर्थिंगची वायर चेसीला जिथे घट्ट बसते, त्या जागेवरही मायेनं तीन हात मारून वर लॅकर चढवलं होतं. वीज एका वायरीनं आत येते आणि लोखंडातून परत जाते. तिची परत जायची वाटच त्यानं बुजवून टाकली होती. दिवा, हॉर्न आणि रिले यांना परतीची वेगळी बारीक वायर पुरते, म्हणून रिले टक् करायचा, स्टार्टरला मोठी वाट लागते, ती नव्हती. आठवडाभर चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती, आणि चोर स्वतः शेजारी बसून पाने देत होता.

दादा पाठ करून पिशवीत हत्यारं भरायला लागला होता. धाकट्याच्या मनात आलं, चहाला म्हणून दादाला आत पाठवावं, तेवढ्यात गुपचूप तीन जागा खरवडाव्यात आणि सांगावं, एक वायर सैल होती, मी आवळली. गाडी चालू होईल, कुणाचं काही बिघडणार नाही. पण वायर सैल होती म्हटलं की ती दादानंच सैल ठेवली होती असं झालं. मग तो कसला शाळेच्या कामाला जातो? धाकट्याला स्वतःची किळस आली.

‘दादा, वायरिंग बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी अर्थिंगच रंगवून टाकलंय.’

दादा वळला. त्यानं चिमटा घेतला, स्वतः दोनदा लावून बघितला. इंजिनावरची बैठक बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं. काचेसारखी गुळगुळीत होती. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

‘रात्री झोपताना मी वायरींचे रंग पाठ म्हणून बघतोय,’ तो म्हणाला. आवाज चढत होता. ‘लाल कुठे, पिवळी कुठे. विसरलो का ते बघायला. घरातलं कुणी ऐकू नये म्हणून तोंडातल्या तोंडात. आणि तू मला विचारतोस, उलटी लागली का? गाढवा, बोल्टसुद्धा रंगवलेस? बोल्ट कुणाला दाखवायचे होते तुला?’

पुढे जे बोलला ते वहिनी हातातलं काम टाकून धावत येईपर्यंत चाललं. वर्षभरात या घरात एवढा मोठा आवाज झाला नव्हता. तिला वाटलं दादाला पुन्हा काही झालं. दारात येऊन बघते तर दादा लंगडत लंगडत धाकट्याभोवती फिरतोय, त्याच्या रंगाची, ब्रशांची आणि अकलेची लक्तरं काढतोय, आणि धाकटा मान खाली घालून उभा. काय झालं ते कळल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘भाऊजी, काखेत कळसा म्हणतात तो हाच,’ आणि चौकटीला टेकून तिथेच उभी राहिली. धाकट्याला लाज वाटत होती आणि त्याच वेळी असं बरं वाटत होतं, की शिव्या थांबू नयेत.

थांबल्या तेव्हा त्यानं आपलंच पातं घेतलं आणि आपलाच रंग खरवडायला बसला. स्टार्टरचं बूड, बैठक, चेसीवरची जागा. लॅकर चिवट होतं, सुटता सुटेना. दोनदा त्याला वाटलं पुरे, आणि दोन्ही वेळा दादा ‘अजून’ म्हणाला. सगळीकडे पांढरंफटक लोखंड दिसायला लागलं तेव्हा दादानं स्वतः बोल्ट आवळले. उजव्या हाताची बोटं मंद होती, पण पाना एकदाही घसरला नाही.

तो गाडीवर बसला आणि त्यानं बटण दाबलं. इंजिन धडधडायला लागलं. त्यानं ते बंद केलं, पुन्हा दाबलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. बॅटरी संपेल, असं सांगायची धाकट्याची हिंमत झाली नाही. वहिनी पदर डोळ्यांना लावून आत गेली आणि दादाचा फोन घेऊन आली.

दादानं कंत्राटदाराला फोन लावला. येतो म्हणाला. मजुरीचं काही विचारलं नाही, कधीपासून तेही नाही.

‘फक्त एक अट आहे,’ तो म्हणाला. ‘सगळे दिवे लावून बघून झाल्याशिवाय इमारतीत रंगारी सोडायचा नाही.’

पलीकडून विचारलं गेलं, का हो, भावाचं रंगकाम वाईट निघालं की काय? दादानं धाकट्याकडे बघितलं. त्याच्या हातात अजून पातं होतं आणि नखांत काळा रंग.

‘तो चांगला आहे हो,’ दादा फोनमध्ये म्हणाला. ‘म्हणूनच सांगतोय.’