बेसिनवरचे लाल अश्रू

"सरका, सरका! मातेच्या डोळ्यांना धार लागलीय!"

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात माणसांचा नुसता लोंढा. आत शिरायला जागा नाही आणि बाहेर पडायची तर सोयच नाही. दाराशेजारी हात धुवायचं बेसिन होतं. त्यावरच्या पांढऱ्या फरश्यांवर लाल ओघळ उतरले होते. कुणाला तरी त्यांत दोन डोळे दिसले आणि मग सगळ्यांनाच दिसायला लागले.

मी समोरच्या खाटेवर होते. पोटाला ताजे टाके, कूस बदलायची म्हटलं तरी जीव जाई. माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मलेली, म्हणून काचेपलीकडच्या खोलीत ऊब देणाऱ्या पेटीत होती.

ओघळांचा ताबा घेतला होता टॉवेलबाबानं. कुणाला तरी भेटायला म्हणून आलेला हा गृहस्थ इथेच ठाण मांडून बसला. खांद्यावरचा टॉवेल ओघळांवर टिपायचा आणि तोच खाटेखाटेवर फिरवायचा. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या थेट टाक्यांवर. "औषध पोटात जातं, माता रक्तात जाते!" हे मात्र तो खरं बोलत होता, त्याला ठाऊक नसलं तरी. संध्याकाळी तो बाटलीतलं तीर्थ फरश्यांवर शिंपडायचा आणि ओघळ आणखी फुलायचे.

"नळ कुणी सोडायचा नाही," त्यानं बजावलं होतं. "माता रडतेय आणि तुम्ही तिच्यासमोर हात खळबळणार?" नळाला फडकं बांधलं गेलं. हातांवर चोळायच्या औषधाला दारूचा वास येतो म्हणून त्या बाटल्याही फेकून दिल्या गेल्या.

सिस्टर काचेच्या खोलीकडे निघाल्या, तेव्हा मी विचारलं, "सिस्टर, हात?"

"कुठं धुऊ, ताई? काल नळाला हात लावला तर बाबाच्या माणसांनी मनगट पिरगाळलं. वरच्या मजल्यावर जाऊन येईपर्यंत बाळांकडे कोण बघेल?"

तेवढ्यात सासूबाई टॉवेल घेऊन आल्या. "बाळाला लावून येते."

"नको! पाया पडते, नको!"

"एकदा लावू दे ना," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला. "त्यात काय बिघडतंय?"

मी उठायला गेले आणि टाक्यांतून कळ मस्तकात गेली. ओरडले, पण जयजयकारात माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. काचेतून बघत राहिले. टॉवेलचं टोक माझ्या लेकीच्या ओठांना लागलं.

तिनं दूध सोडलं. अंग गार पडलं. पाठोपाठ त्याच खोलीत ठेवलेला, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगाही तसाच निपचित झाला. "मातेची परीक्षा आहे!" बाबा म्हणाला.

त्या दिवशी जंतूंची तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दोन्ही बाळांचं रक्त घेतलं, औषध सुरू केलं आणि मग बाबासमोर उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तीन बशांत मांडल्या. एका फोडीला ओघळ लावला, दुसरीला टॉवेल, तिसरीला काहीच नाही. तिन्ही बशा झाकून सासूबाईंकडे दिल्या. "तुमच्या कपाटात ठेवा. किल्लीही तुमच्याचकडे."

दोन दिवसांनी झाकणं उघडली. तिसरी फोड पांढरी होती. उरलेल्या दोन्ही लालभडक.

"माता प्रकटली!" बाबा गरजला.

"बटाट्याला कसलं दुःख झालं हो?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "हा जंतू आहे. ओलीवर वाढतो आणि लाल रंग धरतो. आता ही बशी बघा." त्यांनी चौथी बशी सासूबाईंच्या हातात दिली. तीही लाल. "हा तुमच्या नातीच्या रक्तातून वाढलाय."

सासूबाईंनी बशी झटकन खाली ठेवली.

डॉक्टरबाईंनी तीर्थाची बाटली पुढे केली. "बाबा, घोटभर प्या."

बाबा ऐटीत प्यायला. "अमृत! गोड!"

"गोड का?"

बाबा चाचरला. "पहिल्या दिवशी माझ्या हातून सरबत सांडलं... दुसऱ्या दिवशी ओघळ वाढलेले दिसले. म्हणून मग साखरपाणी..."

"म्हणजे जंतूला खाऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी जंतुनाशकानं फरश्या घासल्या, नळ मोकळा केला. पाणी धो धो वाहू लागलं. ओघळ पुन्हा आले नाहीत. बाबाही आला नाही.

माझी मुलगी वाचली. शेजारणीचा मुलगा गेला.

घरी जाताना ती माझ्या खाटेशी थांबली. "माझ्या बाळाला कुणी टॉवेल लावलाच नव्हता," ती म्हणाली. "मी लावूच दिला नाही. मग कसं झालं?"

उत्तर मला माहीत होतं. माझ्या मुलीला हाताळणारे सिस्टरांचे हातच, न धुता, तिच्या मुलापर्यंत गेले होते.

म्हणून सांगते. श्रद्धा आपल्यापुरती असते असं समजू नका. त्यात काय बिघडतंय, असंही म्हणू नका. दवाखान्यात चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी ते धुवा आणि कुणी धुऊ देत नसेल तर त्याला तिथेच, मोठ्यानं विचारा: का?