सिप्रियनचं ऑपरेशन

डॉक्टर हर्षवर्धन परदेशातून गुडघे शिकून आले आणि १९९६ साली वसईतल्या आमच्या ट्रस्टच्या इस्पितळात त्यांनी संशोधन काढलं. प्रश्न चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर ऑपरेशन करावं की नुसता व्यायाम द्यावा? आणि आठ-दहा वर्षांनी कोणाचा सांधा कमी झिजलेला असतो? उत्तर मात्र डॉक्टरांना आधीच ठाऊक होतं. संशोधन तेवढं व्हायचं राहिलं होतं.

मी विनिता, तिथलीच फिजिओथेरपिस्ट. जिन्याखालची व्यायामाची खोली माझी. डॉक्टर तिला गोडाऊन म्हणत.

डॉक्टरांची आवडनिवड मध्ये येऊ नये म्हणून सगळं चिठ्ठीवर सोडलं होतं. पेशंटने बंद पाकीट उचलायचं, पाकिटाचा नंबर मी वहीत लिहायचा आणि आतली चिठ्ठी त्याने पलीकडच्या खिडकीवर दाखवायची. 'ऑपरेशन' निघालं तर वॉर्डात, 'व्यायाम' निघाला तर माझ्याकडे. परदेशात हे बिनबोभाट चालतं म्हणे. पण परदेशात मनवेलपाड्यातली हाउसिंग सोसायटी नसते.

श्रीपत अशाच एका सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीच्या क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना त्याचा गुडघा गेला. त्याला निघाला व्यायाम. "एवढा गुडघा फुटला आणि नुसता व्यायाम? ऑफिसात सांगू काय, मॅडम?" त्याचा चेहरा पाहवेना.

त्याच सकाळी पाचूबंदरच्या सिप्रियनला निघालं ऑपरेशन. होडीतून धक्क्यावर उडी मारताना त्याचा पाय पिरगळला होता. "बाय, नारली पुनवेला होडी सुटनार. मी सा महिने घरी बसलो तर माझ्या जागेवर दुसरा कोन तरी चढंल. मंग मना कोन घेनार?"

श्रीपतने त्याला कॅन्टीनमध्ये चहा पाजला. "आमच्याकडे पार्किंगच्या चिठ्ठ्या निघाल्या की लोक आपसात बदलून घेतात. दोघं राजी असले की झालं." आणि झालंच. मी शेजारच्या टेबलावर वडा खात होते. सगळं ऐकलं आणि गप्प बसले. सिप्रियनची जागा वाचत होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या गोडाऊनला एक गिऱ्हाईक मिळत होतं.

श्रीपत वॉर्डात मोसंबी खात पडला. पुढे व्यायामाचं नाव काढलं की म्हणायचा, "ऑपरेशन झालंय ना, मग आता कशाला?" सिप्रियनला मी मांडी आवळायची, दहा मोजायचे आणि सोडायची, असं शिकवलं होतं. तो दहा मोजत नसे. एक 'नमो मारिया' प्रार्थना पुरी होईपर्यंत मांडी आवळून धरायचा, होडीवर जाळं ओढतानासुद्धा.

आठ वर्षांनी हिशेबाची वेळ आली. चाळीसपैकी दहा पेशंट सापडले. बाकीचे कोणी जूचंद्रला, कोणी आणखी कुठे फ्लॅट घेऊन गेले होते. दहांचे एक्स-रे काढले. ऑपरेशनवाल्या पाचांत तीन गुडघे झिजलेले, त्यात श्रीपतचा पहिला नंबर. व्यायामवाल्या पाचांत दोन. सिप्रियनचा गुडघा पोराच्या गुडघ्यासारखा निघाला.

डॉक्टरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. ट्रस्टींनी ठरवूनच टाकलं होतं: ऑपरेशन जिंकलं तर माझी खोली पाडून नवं ऑपरेशन थिएटर, नाहीतर खोली राहील. मला इतका आनंद झाला की आनंदाच्या भरात प्रामाणिकपणाचा झटका आला. मी जाऊन चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "अगं विनिता, नियमच आहे! ज्याने जी चिठ्ठी उचलली, त्याला त्याच गटात मोजायचं. पुढे त्याने काहीही करो."

नियम खरा होता, पुस्तकात छापलेला होता. आठ वर्षांत डॉक्टरांना त्याची आठवण झाली नव्हती, इतकंच. कोणत्या नंबरात कोणती चिठ्ठी होती याची यादी डॉक्टरांकडे होतीच; ती ताडायला माझीच वही उघडली गेली. सिप्रियनचा धडधाकट गुडघा ऑपरेशनच्या खात्यात गेला आणि श्रीपतचा कुरकुरणारा माझ्या. ऑपरेशन एका गुडघ्याने जिंकलं.

ट्रस्टने बऱ्या झालेल्या पेशंटांचा सत्कार ठेवला. सिप्रियन पांढरा शर्ट घालून आला. त्याला वाटलं, सत्कार व्यायामाचा आहे. डॉक्टरांनी माइकवर त्याला 'शस्त्रक्रिया गटाचा मानकरी' म्हटल्याबरोबर त्याने स्टेजवरच पँट गुडघ्याच्या वर दुमडली.

"डाक्टर, मना टाका कुटं घातला? बगा ना, कुटं हाय?"

पुढच्या रांगेतले लोक माना उंचावून पाहू लागले. माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी वाकून त्या गुडघ्यावर हात फिरवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पाहा! व्रणसुद्धा राहिला नाही!"

टाळ्यांनी हॉल दणाणला, ट्रस्टी तर उभे राहिले. मला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, कारण माझ्याही हातांनी दोन टाळ्या वाजवल्या होत्या. सोमवारी खोलीला कुलूप लागलं. मला व्हरांड्यातलं एक बाकडं मिळालं.

त्याच बाकड्यावर पंधरा दिवसांनी पाचूबंदरचा सेबेस्टियन लंगडत येऊन बसला. लिगामेंट तुटलेला, होडी सुटायला महिना.

"बाय, मना दुसरं काय नको. सिप्रियनला केलेलं तेच ऑपरेशन पायजे."

मी इकडेतिकडे पाहिलं. डॉक्टर थिएटरच्या भूमिपूजनात होते.

"सिप्रियनचं ऑपरेशन मीच केलं होतं," मी म्हटलं. "पाय सरळ कर. आता मांडी आवळ, आणि म्हण नमो मारिया."