मी खांबावरून ओरडलो होतो

मी खांबावरचा फोन बोलतोय. हसू नका. खिशात राहणाऱ्या फोनांचं नशीब वेगळं. मी नारीनच्या डोंगरातल्या वरच्या कुरणात दोन महिने एका लाकडी खांबाला, दोरीच्या जाळीत, लोंबकळत काढले.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही, त्याचं कौतुकही नाही. शुद्धीवर आलो तो बिश्केक शहरातल्या एका कचेरीत. तिथे माझ्या पोटात एक काम घातलं: डोंगरात गारपीट, पूर, बर्फ येणार असेल तर तासभर आधी भोंगा वाजवायचा. मग माझी परीक्षा झाली. परीक्षा कसली, खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या सहा माणसांपुढे मला वाजवलं. सहाही म्हणाले, छान ऐकू आलं. येणारच की. मी त्यांच्या कपाशेजारी होतो.

पुढे मला इस्मानाली नावाचा म्हातारा मेंढपाळ आणि त्याची बायको सैलकान यांच्याकडे धाडलं. खरी माणसं मला कशी वापरतात ते बघायचं होतं म्हणे. त्यांच्या लोकरी नमद्याच्या तंबूत मला रेंज मिळेना. सैलकानने मला हातात धरून सगळी टेकडी पालथी घातली. शेवटी चारशे पावलं वर एका खडकापाशी रेंज लागली. तिथेच खांब रोवला, उन्हावर चालणारी चार्जिंगची पाटी बांधली आणि मला टांगलं. रोज संध्याकाळी धापा टाकत यायची, लेकीशी बोलायची, मला पुसून परत जायची. बाई तोंडाची फटकळ, पण हात मऊ.

जुलैतल्या एका दुपारी कचेरीतून निरोप आला: पूर येतोय. मी भोंगा सुरू केला. खाली ओढ्यात इस्मानाली चाळीस मेंढ्यांना पाणी पाजत होता. मला तो दिसत होता, त्याला मी ऐकू जात नव्हतो. वारा उलटा. तंबूत सैलकान दूध घुसळत होती, तिलाही पत्ता नाही. तासभर बोंबललो आणि ऐकायला कोण, तर दोन कावळे. मग लोंढा आला. नऊ मेंढ्या वाचल्या. म्हातारा एका दगडाला धरून राहिला म्हणून जगला, पण हात मोडला. हे सगळं मी पाहिलं. मला डोळा एकच, आणि तो मिटता येत नाही.

कचेरीत मात्र नोंद झाली, ‘इशारा पोचला.’

पंधरा दिवसांनी कचेरीची नुरझात छापील प्रश्नांचा कागद घेऊन आली. शहरातली पोरगी, बुटाला चिखल लागला की लगेच पुसणारी. पाहुणी म्हणून उरलेल्या नवांतली एक मेंढी कापली. मलाही खाली आणून पानाशेजारी ठेवलं.

“आपा, इशारा आला होता?”

“आला की.”

“वेळेवर?”

“तासभर आधी. घे, घोडीच्या दुधाचं कुमिस घे.”

“काही अडचण?”

“अडचण कसली? फार गुणी यंत्र आहे.”

मला घेरीच आली. एवढी जित्राबं वाहून गेली आणि मी गुणी? नुरझात खूण करत चालली होती. तो कागद चांगला भरला की बर्फ पडायच्या आत माझ्यासारखे फोन दोनशे कुरणांत जाणार, हे मी कचेरीतच ऐकलं होतं. दोनशे खांब. दोनशे ओढे.

सैलकानला खोटं बोलायची हौस नव्हती. पाहुण्याच्या ताटापुढे गाऱ्हाणं मांडायचं नाही, ही त्यांची रीत.

“काका, हाताला काय झालं?”

इस्मानालीने मान खाली घातली. “घोड्यावरून पडलो.”

नुरझातचं पेन थांबलं. तिथला म्हातारा चोरी कबूल करील, घोड्यावरून पडलो असं मेला तरी म्हणणार नाही.

“माझे आजोबा नव्वदीत खोगिरावर बसायचे, काका. तुम्ही पडलात?”

“खा पोरी. गार होतंय.”

तिने कागद उलटा ठेवला. “इशारा आला तेव्हा फोन कुठे होता?”

हा प्रश्न कागदावर नव्हता. सैलकानने नुसतं दारातून वर खांबाकडे पाहिलं.

नुरझात मला घेऊन चढली. जाळीत टाकून भोंगा लावला आणि खाली गेली. मग तशीच परत वर आली, मला काढलं, पुन्हा खाली. तोंड लालबुंद.

“आपा, ऐकलंत?”

“काय? बस, चहा ओतते. किती दमलीस.”

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. “मग हे मला आधी का नाही सांगितलं?”

“तू पाहुणी. माझ्या घरात बसवून तुलाच बोल लावू?”

नुरझातने कागद पिशवीत कोंबला. मग उठली, रीतसर निरोप घेतला, म्हातारीचा आशीर्वाद घेतला आणि मला घेऊन गाडीत बसली. गाडी टेकडीआड गेली. मला वाटलं, पळाली. तर गाडी थांबवून ती चालत माघारी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि मला पुढे धरून रेकॉर्डिंग सुरू केलं.

“आता मी पाहुणी नाही. कचेरीची नोकर आहे. बोला.”

सैलकानने तिला नीट न्याहाळलं. हातातली पळी खाली ठेवली. पदराने नव्हे, डोक्याच्या रुमालाने तोंड पुसलं. आणि सुरू झाली.

चौदा मिनिटं भरली. असली भाषा माझ्या पोटात आधी कधी गेली नव्हती.

आता मी बिश्केकला मोठ्या टेबलावर आहे. तेच सहाजण, तोच चहा. बाहेर सप्टेंबर लागलाय. रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या मिनिटाला मोठे साहेब म्हणाले, “बाईचं बोलणं सभ्य नाही, बंद करा,” आणि माझ्याकडे हात केला. नुरझातने मध्ये आपला हात आडवा ठेवलाय.

साहेब, मला बंद करू नका. म्हातारी अजून तुम्हालाच शिव्या देतेय. ओढ्याच्या गोष्टीपर्यंत आलेलीच नाही.