नारिंगी ताडपत्रीखाली सगळेच छान दिसतात

मी ताडपत्री. नारिंगी रंगाची. उतेना गावच्या शनिवारच्या बाजारात ब्रोन्येबाईच्या कपड्यांच्या पालावर इतकी वर्षं ताणून बांधलेली होते, ती मीच. तुम्ही त्या पालात उभं राहून स्वेटर घेतला असेल, तरी मला पाहिलं नसेल. मला कुणीच पाहत नाही. माझं सगळं दुखणं तेच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या उभ्या-आडव्या विणून मला तयार केलं. शेजारच्या यंत्रात निळे दाणे टाकले होते, माझ्या यंत्रात नारिंगी. म्हणून त्या बहिणी निळ्या आणि मी नारिंगी. यात माझी काही हौस नव्हती. मग दुकानात ब्रोन्येबाईचा नवरा आला, त्यानं मला दोन बोटांत धरून चोळून पाहिलं आणि विचारलं, "पाणी गळणार नाही ना?"

बस. एवढंच. रंगाबद्दल एक अक्षर नाही. अहो, माझ्याखाली कपडे विकायचे होते! स्वेटर, शर्ट, मफलर! मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

आता साधी गोष्ट आहे. दिवसाचा उजेड माझ्यातून खाली उतरतो तो नारिंगी होऊनच उतरतो. आणि उतेनाची माणसं गोरी. गोरी म्हणजे किती, तर केस सुक्या गवताच्या काडीसारखे, भुवया असून नसल्यासारख्या, आणि हिवाळ्यात मनगटावरच्या निळ्या शिरा लांबून मोजाव्यात. अशी कातडी म्हणजे चुन्याची भिंत. जवळ जो रंग येईल तो ती उचलते. गळ्याशी पिवळं आलं की कावीळ झाल्यासारखी दिसते, राखाडी आलं की तापातून उठल्यासारखी. पण माझ्याखाली आली की काहीही घाला, गालावर मध चोपडल्यासारखं तेज येतं.

त्यात या माणसांना रंगाची भारी भीती. "आपण गोरे, आपल्याला फिकटच बरं," म्हणतात आणि सरळ सुक्या गवताच्या गवती रंगाच्या, ओटच्या लापशीसारख्या, राखेसारख्या स्वेटरांकडे हात जातो. चेहरा कुठे संपला आणि स्वेटर कुठे सुरू झाला ते कळू नये, असे रंग! माझ्याखाली तेच रंग सोन्यासारखे दिसतात. ब्रोन्येबाई आरसा धरते, गिऱ्हाईक हरखतं, पिशवी उचलून जातं. घरी खिडकीपाशी गेलं की आरशात त्याचा आजारी भाऊ उभा.

बरं, मग दोष कुणाला? मला? छे! "बाजारात छान दिसत होता गं. मीच उतरले हल्ली." चोर सोडून संन्याशाला फाशी. बायका स्वतःच्या तोंडाला नावं ठेवतात, वयाला ठेवतात, झोपेला ठेवतात. वर मान करून उजेड कुठून येतोय ते कुणी बघत नाही.

उलटंही होतं. या लोकांना खरोखर शोभणारे रंग, देवदारासारखा गर्द हिरवा, रात्रीच्या आभाळाचा निळा, हे माझ्याखाली चिखलासारखे दिसतात. ब्रोन्येबाई त्यांना "मेले खपतच नाहीत" म्हणत ढिगाच्या तळाशी सारायची. शोभणारे तळाशी आणि न शोभणारे वर! आणि हे मी वरून रोज बघायचं.

शेजारी पोव्हिलासचं पाल होतं. त्याच्यावर माझी निळी बहीण. त्याच्याकडे स्वेटर घातलेला माणूस नदीतून काढल्यासारखा दिसायचा. दोन हंगामांत त्यानं कपडे सोडले आणि फावडी विकायला लागला. ब्रोन्येबाई म्हणायची, "धंद्याला हात लागतो, पोव्हिलास. माझ्या हाताला यश आहे."

हाताला! मी फडफड फडफड फडफडले. पाऊस पडला की मुद्दाम पोटात पाणी साठवून तिच्या मानेवर ओतलं. तिनं दोरी आणखी ताणून बांधली.

हे असंच चाललं असतं आणि मीही थकून गप्प बसले असते. पण मग गीतिस आला.

गीतिस म्हणजे ब्रोन्येबाईची जुनी गिऱ्हाईक एल्वीरा, तिचा मुलगा. तिशीच्या आतला, उंच, आणि अख्ख्या उतेनात त्याच्याइतका गोरा कुणी नसेल. आदल्या हिवाळ्यात त्याच्या फुप्फुसांना काहीतरी झालं, तो कितीतरी दिवस इस्पितळात होता. आता बरा झाला होता. आईबरोबर पालात शिरताना वाटेत कपड्यांचं भलं मोठं गाठोडं होतं, ते त्यानं एका हातानं उचलून बाजूला ठेवलं आणि वर "माफ करा मावशी" म्हणाला.

"अगं एल्वीरा, हा तुझा गीतिस?" ब्रोन्येबाई म्हणाली. "उभा कसला वाढलाय! शिडी लावून स्वेटर घालावा लागेल."

"सोमवारी सॉ मिलमध्ये जायचंय त्याला, जुनं काम परत मागायला," एल्वीरा म्हणाली. "डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. पण स्तासीस मुकादम डॉक्टरांचं ऐकतो होय? तो माणसाचं तोंड बघतो."

"मग तोंड दाखवूया त्याला!" म्हणत ब्रोन्येबाईनं ढिगावरचा गवती स्वेटर ओढला आणि गीतिसच्या डोक्यातून घातला. "बघ! सफरचंद! स्तासीस म्हणेल, हा कुठे आजारी होता?"

एल्वीराचे डोळे भरून आले. माझ्याखाली तिचा मुलगा खरंच सफरचंदासारखा दिसत होता. मी वरून ओरडत होते, बाई, त्याला दोन पावलं बाहेर ने! पण ताडपत्रीचं कोण ऐकतं?

पुढच्या शनिवारी एल्वीरा एकटीच आली, तोंड पाडून.

"काय झालं?" ब्रोन्येबाईनं विचारलं.

"स्तासीसनं बघितलं आणि खुर्ची दिली त्याला."

"खुर्ची दिली म्हणजे मान दिला की!"

"कसला मान! 'बस बाबा, पडशील,' म्हणाला. 'करवतीसमोर तुला चक्कर आली तर तुझ्या आईला मी काय सांगू? वसंतात ये.' ब्रोन्ये, दुसरा एखादा दे. जरा रक्त असल्यासारखा दिसेल असा."

ब्रोन्येबाईनं विचार केला आणि फिकट गुलाबी शर्ट दिला. फिकट गुलाबी! आधीच ज्याच्या पापण्या आणि नाकाचा शेंडा गुलाबी, त्याला! एल्वीरानं तो माझ्याखाली हातावर धरून पाहिला, तेव्हा पिकल्या जर्दाळूसारखा दिसला. बाहेर त्या शर्टानं काय केलं, ते मला पुढच्याच शनिवारी कळलं. मुकादमानं त्या वेळी गीतिसला खुर्चीही दिली नाही. आपल्या गाडीत घालून घरी सोडलं, आणि एल्वीराला बजावलं, "ताई, याला अंथरुणातून उठवू नका." वर सांगितलं की करवतीवर माणूस लागणारच, सोमवारी दुसऱ्या गावचा एक पोरगा येतोय, तो ठेवून घेणार.

त्या शनिवारी आभाळ भरलेलं होतं. मायलेक शर्ट परत करायला आले. गीतिस लाजून पालाच्या बाहेरच थांबला.

"परत?" ब्रोन्येबाई कडाडली. "माझ्याकडून नेलेलं आजवर कुणी परत आणलं नाही! बाहेर काय उभा राहिलास नव्या नवरीसारखा? आत ये."

तो आत आला. ब्रोन्येबाईनं त्याच्या जाकिटाची चेन उघडली आणि त्याला एल्वीराकडे वळवलं. "हे बघ. याला आजारी म्हणणारा मुकादम आंधळा आहे!"

"खरंच की," एल्वीरा म्हणाली. "सकाळपासून पहिल्यांदाच बरा दिसतोय. चल, आत्ताच्या आत्ता जाऊ, स्तासीस घरी असेल." तिनं हात धरून त्याला बाहेर ओढलं आणि जागीच थांबली. "अरे देवा! पांढरा पडला! ब्रोन्ये, बघ गं!"

"आत आण, आत आण!"

तो आत आला. गालांवर रंग.

"आला रंग," ब्रोन्येबाई म्हणाली. "थंडी बाधली असेल."

"बाहेर जा बघू एकदा," एल्वीरा म्हणाली. तो गेला. "गेला! गेला रंग! ब्रोन्ये, याला हवाच सोसत नाही. स्तासीस म्हणतो ते खरं. मी आता याला घराबाहेर सोडायची नाही. हा हिवाळा अंथरुणातच काढायचा, बटाट्याचा कुगेलिस खायचा आणि झोपायचं."

"आई, मी काल दोन गाड्या लाकडं फोडली."

"आणि बघ काय झालं त्यानं!"

गीतिस पुन्हा आत आला. आता तो एकदम बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला. "मी बरा आहे! मला काही होत नाही! एक हिवाळा झोपून काढला, आणखी एक काढला तर मी खरंच मरेन. कंटाळून मरेन. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघता आणि मग माझं ऐकायचंच बंद करता. आता काय करू मी?" आणि वैतागलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. दोन्ही हात वर केले, मान मागे टाकली आणि वर बघितलं. "देवा रे!"

वर देव नव्हता. मी होते.

तो तसाच बघत राहिला. मग त्यानं बाही वर सारली आणि हळूच एका हाताचा पंजा माझ्या कडेच्या बाहेर काढला. कोपरापासून मनगटापर्यंत हात जर्दाळूच्या रंगाचा, आणि पंजा दुधासारखा पांढरा.

"आई," तो म्हणाला, "इकडे बघ."

एल्वीरानंही बाही सारून आपला हात त्याच्या हाताशेजारी बाहेर काढला. मग ब्रोन्येबाईनं काढला. तीन हात, अर्धे पिकलेले, अर्धे कच्चे.

"फावडी विकायला लागण्याआधी मी हेच म्हणत होतो," पोव्हिलास पलीकडून म्हणाला. खरं तर तो असं काहीही कधी म्हणाला नव्हता.

"तू गप्प बस रे!" ब्रोन्येबाई म्हणाली आणि डोळे वटारून वर, माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. "इतकी वर्षं तू होतीस होय ही!"

बाई, तुझ्या नवऱ्यानं निवडलं मला.

पण एक मान्य करायला हवं, बाई हट्टी असली तरी हातावर हात धरून बसणारी नव्हती. तिनं सगळा ढीग उचलला आणि बाहेर पोव्हिलासच्या फावड्यांच्या पेटीवर आपटला. भरल्या आभाळाच्या उजेडात एकेक कपडा गीतिसच्या हनुवटीखाली धरायला लागली. गवती धरला. "शी, उकडलेला बटाटा." राखाडी धरला. "प्रेत." पांढरा धरला. "हा तर दिसेनासाच झाला." भडक लाल धरला. नाक त्याहून लाल दिसायला लागलं. एल्वीरा मध्ये मध्ये "साधासाच बघ, साधासाच" म्हणत होती आणि ब्रोन्येबाई "साध्यानंच घात केलाय" म्हणून तिला झिडकारत होती.

मग ढिगाच्या तळाचा देवदारी हिरवा निघाला.

तो धरला, आणि दोघी पुढे वाकल्या. गीतिस गोराच होता, पण आता ते गोरेपण कडक हिवाळ्यातल्या सकाळसारखं स्वच्छ दिसत होतं. डोळे निळे आहेत हे बाजाराला तेव्हा कळलं.

"एल्वीरा," ब्रोन्येबाई हळूच म्हणाली, "याला भुवया आहेत."

"जन्मल्यापासून आहेत," एल्वीरा म्हणाली आणि रडायला लागली.

तो स्वेटर घालून गीतिस तिथूनच मुकादमाच्या घरी गेला. काय झालं ते एल्वीरानं नंतर येऊन सांगितलं. स्तासीसनं दार उघडलं आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "समुद्रावर जाऊन आलास काय?" गीतिस म्हणाला, "नाही, बाजारात." तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी लवकर ये. हातमोजे आण." दुसऱ्या गावच्या पोराला फळ्या रचायचं काम मिळालं.

ब्रोन्येबाईनं त्याच आठवड्यात मला खाली उतरवलं आणि पांढरी ताडपत्री लावली. ऐकते की आता गिऱ्हाईक जास्त कुरकुरतं. पांढऱ्याखाली आरसा खरं बोलतो, त्यामुळे प्रत्येक जण दहा कपडे उपसतो. पण आता घरी जाऊन कुणी आपल्या तोंडाला नावं ठेवत नाही. मला तिनं एल्वीराला देऊन टाकलं. आता मी तिच्या अंगणात सरपणाच्या रचलेल्या ढिगावर छप्पर म्हणून आहे. माझ्याखाली बर्चची लाकडं असतात. त्यांना कुठला रंग शोभतो हे कुणी विचारत नाही, आणि मला विश्रांती आहे.

निरोप घेताना एवढंच सांगते, तेही हात जोडावेत तितक्या कळकळीनं. गोऱ्यांनो, रंगाला भिऊ नका. कपडा घेताना तो हनुवटीखाली धरा आणि दोन पावलं उघड्यावर या. आणि स्वतःच्या चेहऱ्याला दोष देण्याआधी एकदा मान वर करा. इतकं सोपं आहे ते! इतकं सोपं, आणि तरी माझी अर्धी कातडी फडफडून फाटली.

आता एल्वीराला तर हे सगळं माहीत आहे ना? तिच्याच हातावर तिनं पाहिलंय. पण गीतिसला सर्दी झाली, किंवा कामावरून तो जरा दमून आला, की ती त्याला लाकडं आणायला म्हणून हाक मारते. तो माझ्याखाली वाकतो, हातात ओंडके घेतो.

"थांब जरा. तोंड इकडे कर."

"आई, ही ताडपत्री आहे."

"माहितेय मला. उभा राहा गुपचूप."

तो ओंडके धरून उभा राहतो. ती बघत राहते.

"झालं का?"

"थांब अजून थोडं."