यंगोनाचं पाणी

लोकांसमोर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. इथे मात्र हरदेवच म्हणणार, आणि ‘तो’च म्हणणार. ज्याला हे खटकेल त्याने पुढे वाचू नये.

पूर ओसरला तेव्हा आमच्या घराच्या भिंतींवर खिडकीच्याही वर चिखलाची रेघ होती. नदी घरात शिरते ती एकटी शिरत नाही. शेजाऱ्यांचे संडास, मेलेली डुकरं, उसाच्या शेतातलं खत, सगळं बरोबर आणते आणि जाताना आपल्याकडेच ठेवून जाते. मागच्या दारची विहीर तर पाण्याखालीच गेली होती. आरोग्य केंद्रातली नर्स चिखल तुडवत आली आणि दारातूनच सांगून गेली. विहिरीत औषध पडेपर्यंत ते पाणी तोंडात घालायचं नाही. प्यायचं पाणी खळखळून उकळायचं. पुराचं पाणी लागलेलं अन्न फेकायचं. बूट घातल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही. आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना.

मी तिचा शब्द न् शब्द पाळला. तांदळाचं पोतं उकिरड्यावर रिकामं करताना जीव तुटत होता, तरी केलं. हरदेव म्हणाला, “अगं, वरचे तांदूळ सुकेच आहेत.”

“मग ते तुम्ही खा,” मी म्हटलं, “आणि दुखणंही तुम्हीच काढा.”

भिंती औषधाच्या पाण्याने पुसल्या. अंथरुणं उन्हात टाकली. चुलीवर मोठं पातेलं सतत चढलेलं असायचं. प्यायला उकळलेलं, भांडी विसळायला उकळलेलं, चूळ भरायलाही उकळलेलं. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जाऊन माझे डोळे लाल झाले होते. शेजारचा दुखरनकाका जाता-येता विचारायचा, “काय गं सूनबाई, रडतेस की रांधतेस?”

सिकेली आला तो या सगळ्याच्या मध्येच. नदीपलीकडच्या कोरोतला, म्हणजे इथल्या मूळ फिजी लोकांच्या गावातला. हरदेवचा शाळेपासूनचा दोस्त, दोघे एकाच संघातून रग्बी खेळलेले. त्यांचं गाव उंचावर, म्हणून वाचलेलं. पूल वाहून गेला होता तर हा माणूस होडीतून फावडं घेऊन आला, आणि कुणी बोलवायच्या आत आमच्या घरातला चिखल उपसायला लागला. आमचं लोखंडी कपाट त्याने एकट्याने उचलून अंगणात ठेवलं. घामाघूम झाला की माझ्याकडे पाणी मागायचा, आणि पेला हातात घेऊन म्हणायचा, “वहिनी, तू ना एक दिवस नदीसुद्धा उकळशील आणि मगच तिला समुद्राकडे सोडशील.”

शेवटची खोली साफ झाली त्या दुपारी हरदेवने यंगोनाची, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या त्या कडू, गुंगी आणणाऱ्या मुळीच्या भुकटीची, पुडी काढली. पुरात तेवढी एक गोष्ट त्याने माळ्यावर जपून ठेवली होती. तांदूळ नाही, पीठ नाही, यंगोना. आमच्याकडे कुणी अंग मोडून मदत केली आणि त्याला करवंटीभर यंगोना न पाजता पाठवलं, तर पुढे तोंड दाखवायला जागा उरत नाही. पुढे केलेली करवंटी नाकारणं तर त्याहून वाईट. हे मला मान्य आहे. मी काही परग्रहावरून आलेली नाही.

म्हणून मी स्वतःच उकळलेल्या पाण्याचा हंडा व्हरांड्यात नेऊन ठेवला. ते अजून कोमट होतं. हरदेवने यंगोनाची भुकटी फडक्यात बांधली, परातीत पिळली, ढवळली आणि पहिली करवंटी वयाचा मान म्हणून दुखरनकाकाला दिली. काकाने रीतीप्रमाणे टाळी वाजवली, एका घोटात संपवली आणि तोंड वाकडं केलं.

“हरदेव, हे यंगोना आहे की बाळंतिणीचा काढा?”

बसलेले सगळे हसले. सिकेलीही हसला, पण नदीवरच्या थट्टेसारखाच, निर्मळ. हरदेवचा चेहरा पडला. यजमानाच्या परातीची टर उडवणं म्हणजे त्याच्या बापाचीच उडवणं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर सभेत त्याचं धोतर ओढलं.

“आत जा,” तो म्हणाला. “बायकांनी इथे घुटमळू नये.”

मी आत गेले. चूल पेटती होती, तिच्यासमोर बसले. बाहेर टाळ्या वाजत होत्या, गप्पा रंगल्या होत्या. सिकेलीचा आवाज ऐकू आला, “थंडगार केलंस की रे!” मला वाटलं, हंड्यातलं पाणी निवलं असेल.

सगळे गेल्यावर परात धुवायला बाहेर आले. हंड्यातलं पाणी पहिल्या परातीपुरतंच कमी झालं होतं, बाकी तसंच होतं. आणि विहिरीवरची बादली ओली होती.

मी हरदेवला विचारलं. त्याने आढ्याकडे बघत उत्तर दिलं, “एवढं काय त्यात? आपण काही पाणी प्यालो नाही, यंगोना प्यालो.”

“यंगोना कशात कालवलं होतं, हवेत?”

“मुळी कडू असते गं. कडूपुढे किडा जगतो का कुठे?”

हे ज्ञान त्याला एकट्यालाच झालेलं नाही. आमच्या नदीच्या दोन्ही काठांवर पुष्कळांचं हेच मत आहे. पोरांना उकळलेलं पाणी पाजतात, आणि संध्याकाळी स्वतः परातीत काय ओततात ते बघत नाहीत. यंगोना म्हणजे पाणी थोडंच! मी त्याला एवढंच म्हटलं, “निदान सिकेलीला सांगून ठेवा. उद्या ताप आला तर त्याला कळायला हवं.” तो म्हणाला, “बघू.”

पहिला ताप हरदेवलाच आला. डोकं ठणकतंय म्हणाला, पोट धरून बसला. आणि माझ्या नवऱ्याने, ज्याला साधा काटा काढायलाही दवाखान्यात न्यावं तर बैलासारखा अडतो, त्याने स्वतःहून बूट घातले आणि होडी करून डॉक्टरकडे गेला. विहिरीचं पाणी पोटात गेलंय हे डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. टायफॉइडच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या. अंथरूण धरावं लागलं, पण वाचला. दुखरनकाकालाही त्याने कुजबुजत सांगितलं, तोही गोळ्या घेऊन बसला. म्हातारा चिवट आहे, तोही वाचला.

मग होडीवाल्याकडून कळलं, सिकेली तापाने पडलाय.

“आत्ताच्या आत्ता जा,” मी हरदेवला म्हटलं. “त्याला सगळं सांगा आणि दवाखान्यात न्या. तुम्हाला होत नसेल तर मी जाते.”

“तू कशाला? माझा दोस्त आहे, मी जातो.”

गेला. संध्याकाळच्या आत परतला. मी दारातच विचारलं, “सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“जातो म्हणाला दवाखान्यात.”

बावीस वर्षांच्या संसारात मी एक शिकले होते, हा माणूस हट्टी आहे, पण खोटं बोलत नाही. म्हणून गप्प बसले. चूल पेटवली, पाणी चढवलं.

सिकेलीला दवाखान्यात नेलं तेव्हा त्याचं आतडं फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणला असता तर गोळ्यांवर भागलं असतं. कपाट एकट्याने उचलणारा माणूस चार जणांनी उचलून गावी आणला.

आम्ही नदी ओलांडून गेलो. हरदेवने रीतीप्रमाणे यंगोनाच्या मुळ्यांची मोळी नेली होती. मांडवात म्हाताऱ्यांसमोर ती ठेवून, मान खाली घालून, घोगऱ्या आवाजात दोन वाक्यं बोलला. लोकांना वाटलं, दोस्त गेला म्हणून गळा दाटलाय. मलाही तसंच वाटलं. मलाही वाईट वाटलं त्याचं.

मी बायकांमध्ये गेले. लितिया, सिकेलीची बायको, चटईवर काळ्या कपड्यात बसली होती. मला पाहिलं आणि तिने माझा हात घट्ट धरला. मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाली,

“मला कळत नाही, फुलमती, हे आलं कुठून. माझ्या भाचीला मागच्या वादळानंतर हाच ताप आला होता. म्हणून मी सिकेलीला शपथ घातली होती, पूर आलाय, कुणाच्या परातीला तोंड लावायचं नाही. तो म्हणाला, फक्त हरदेवकडे पिईन, तिथे वहिनी उकळलेल्या पाण्याशिवाय काही ठेवतच नाही.”

माझा हात तिच्या हातात होता. तो मला काढून घेता येईना.

“ताप आला तेव्हा मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. तर म्हणे, अगं, फक्त त्यांच्याकडेच तर प्यायलो, हा साधा अंगदुखीचा ताप आहे, चिखल उपसून आलेला. मलाही पटलं. तुझ्या घरावर कोण संशय घेणार?”

“हरदेव आले होते ना?” मी विचारलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला. “काही बोलले नाहीत?”

“आले होते. उशाशी बसले. कैरीचं लोणचं आणलं होतं. दोघे जुने सामने आठवून हसत होते. फार बरं वाटलं त्याला त्या दिवशी.”

लोणचं. माझ्या हातचं लोणचं. बरणी अर्धी दिसली तेव्हा मी विचारलंसुद्धा नव्हतं.

लितियाने डोळे पुसले. “एक काम करशील? आज आजूबाजूच्या सगळ्या गावांतून माणसं येणार, परात हलणार नाही इथून. पाण्याचं तू बघ. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

मी उठले. मांडवामागे तीन चुली पेटवल्या. गावातल्या पोरींनी टाकीतून पाणी आणून दिलं, मी ते खळखळून उकळलं, झाकलं, पत्र्याच्या टबात हंडे ठेवून निववलं, आणि मगच पुढे पाठवलं. करवंट्यासुद्धा उकळत्या पाण्यातून काढल्या. कुणी नाक मुरडलं नाही. कुणी काढा म्हटलं नाही. दुखरनकाका तर तीन करवंट्या प्याला आणि तीनदा टाळी वाजवून बसला. मेलेल्या माणसाच्या दारात चव कोण काढतो!

उन्हं उतरायला लागली तेव्हा हरदेव मागे आला. हातात करवंटी होती. माझ्या शेजारी उकिडवा बसला.

“तू उकळलंयस ना हे?”

“हो.”

तो उरलेला घोट प्याला. करवंटी उलटी करून मातीवर ठेवली.

“चव तीच लागते गं,” तो म्हणाला. “काही फरकच नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. मला त्याला मारावंसं वाटलं. त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं, आणि या दुसऱ्या वाटण्याचा मला जास्त राग आला.

“जा,” मी म्हटलं. “लितियाला जाऊन सांग.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला ‘अहो’ न म्हणता, ‘तू’ म्हणून बोलले. त्यालाही ते कळलं. तो उठायला म्हणून जमिनीला हात लावून बसला, आणि तसाच बसून राहिला.

मी चुलीतली लाकडं मागे ओढली, हात पदराला पुसले, आणि लितियाच्या चटईकडे निघाले.