धाकटीचं बोट

"दुधात पाणी किती घालतोस, ते एकदा खरं सांग," थोरलीनं दूधवाल्याला दारातच अडवलं.

"काकू, सकाळच्या पारी खोटं कशाला बोलू? थेंब घालत नाही."

"मग माझं दही का लागत नाही? परवा लावलं, तर सकाळी दूध जसंच्या तसं. काल लावलं, तर चोथा एकीकडं नि पाणी एकीकडं. मांजरानंसुद्धा तोंड फिरवलं."

"थंडी किती पडलीय बघा की. माणसं गारठून चाललीत, तिथं दह्याचं काय घेऊन बसलात?"

"थंडी काय यंदाच पडली का? जन्म गेला माझा दही लावण्यात. थंडीचं मला शिकवतोस होय."

दूधवाल्यानं माप कॅनला अडकवलं आणि सायकल वळवली. जाता जाता म्हणाला, "हेच दूध शेजारी धाकट्या काकूंना घालतो. त्यांची कधी तक्रार नाही."

"तिला काय कळतंय? ती दही लावते कुठं? दुकानातनं डबी आणते नि गिळते."

भिंतीपलीकडं अंगण झाडणारा खराटा थांबला. मग धाकटीचा आवाज आला, पण तो कोंबडीसाठी होता. "खा बाई, खा. आपलं आपण खावं, दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. ज्याला नाचता येईना, त्याला अंगण वाकडंच दिसायचं."

लेकी बोले सुने लागे, असा तो कारभार. दोघी सख्ख्या जावा. एका चुलीवर अर्धं आयुष्य काढलेलं. घराच्या वाटण्या झाल्या, मधे भिंत उभी राहिली, तेव्हापासून थोरली मांजराशी बोलायची आणि धाकटी कोंबडीशी, आणि ऐकायच्या मात्र दोघी. वाटणीत जमिनीवरनं भांडण नाही झालं, भांड्यांवरनंही नाही. झालं ते एका शब्दावरनं. त्या दिवशी धाकटी रागाच्या भरात बोलून गेली होती, "तुमच्या हातचं आंबट दही खाऊन खाऊन दात आंबले माझे." बाकी काय काय बोलणं झालं ते थोरली विसरली, पण 'आंबट' तेवढं तिच्या काळजात रुतून बसलं.

आणि ते लागणारच होतं. कारण त्या आळीत थोरलीला मान होता तो दह्याचा. सासूनं दिलेलं विरजण तिनं जपलं होतं. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवायचं, उद्याच्यातलं परवासाठी. संध्याकाळ झाली की कुणाची सून, कुणाची लेक वाटी घेऊन दारात उभी असायची. "काकू, जरा विरजण द्या." थोरली आधी दोन शब्द ऐकवायची, मग विरजण द्यायची, मग बसवून घ्यायची. कुणाचं पोर आजारी, कुणाचा नवरा रुसलाय, सगळं तिला त्या वाटीबरोबर कळायचं.

मग नवरा गेला. म्हैस विकली. गावातल्या दुकानात फ्रिज आला, त्यात दह्याच्या डब्या आल्या, आणि वाट्या यायच्या थांबल्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, नुसतं येणं थांबलं. मागल्या पावसाळ्यात मुलानं शहरात नेलं. चार दिवस म्हणून गेली ती महिनाभर अडकली, आणि परत येऊन बघते तर वाडग्यातल्या विरजणावर हिरवी बुरशी. तिनं ते वाडगं घासलं आणि घासता घासता रडली. रडताना तिला स्वतःचंच हसू आलं, की बाई, नवऱ्याच्या वेळी तू एवढी रडली नव्हतीस.

मग वाडगं घेऊन ती आळीभर फिरली. जिला जिला तिनं विरजण दिलं होतं, तिच्या तिच्या दारात गेली. सगळ्या गोड बोलल्या. "अहो काकू, आम्ही आता डबीच आणतो." विचारायचं राहिलं ते एकच घर, शेजारचं. तिथं ती मेली तरी गेली नसती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगीच नाही.

शेवटी दुकान गाठलं. डबी घेतली आणि कुणाला दिसू नये म्हणून पिशवीत कांद्यांखाली दडवली. घरी येऊन चुलीपाशी उभ्या उभ्या झाकण सोलून चमचाभर चाखलं, आणि तिला रागच आला. कारण दही चांगलं होतं. घट्ट, गोडसर, जिभेवर गार. आंबटपणा नावाला नाही. विरजणापुरतं ठेवायचं म्हणून एक चमचा, मग चव नीट कळली नाही म्हणून आणखी एक, असं करत करत डबीचा तळ आला. शेवटी बोटानं पुसून खाल्लं. खाऊन झाल्यावर घर फार गप्प वाटलं. चांगलं आहे गं, असं म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं. मांजराला सांगून बघितलं, तर ते शेपूट ताठ करून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी डबी आणली, आणि त्या विरजणाचे जे हाल झाले ते तुम्ही ऐकलेच. तिनं दूधवाल्याला दोष दिला, थंडीला दिला, दुकानाच्या डबीला दिला. भांडं बदललं, घोंगडीत गुंडाळून ठेवलं, चुलीच्या उबेला ठेवलं. पण दही काही लागेना. दही लावता येत नाही अशी थोरली म्हणजे मग कोण, हे तिचं तिलाच कळेना.

कळलं ते परसात. थंडीनं जमीन आवळून बसली होती. खुरपं मारलं की ढेकूळ अखंड निघायचं, नि वर कोरडं वारं असं की डोळ्यांतनं पाणी यावं. थोरली कुंपणाच्या काटेरी फांद्या ओढून नीट करत होती. काम आटोपून हात झटकला, तर कांद्याच्या पातीवर लाल ठिपके. बघते तर उजव्या हाताच्या बोटात काटा उभा घुसलेला, रक्त मनगटापर्यंत आलेलं, आणि दुखणं म्हणाल तर काही नाही. तिनं काटा उपसला. तेही कळलं नाही. हे तेच बोट, जे ती दुधात बुडवायची. बोटाला सोसेल एवढं कोमट झालं की विरजण घालायचं, सासूनं शिकवलेलं हे एवढंच माप. आणि आता बोटाला सगळंच सोसत होतं.

थोरली तिथंच ढेकळांत बसली. बिचाऱ्या दूधवाल्याला उगीच बोलले, असं तिच्या मनात आलं. आणि मग भीती वाटली, खरीखुरी. बोटच गेलं तर हातात राहिलं काय?

संध्याकाळी तिनं दूध तापवलं, भांडं कापडात गुंडाळून पिशवीत घातलं आणि भिंतीला वळसा घालून धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली. धाकटी दिव्याखाली कांदा चिरत होती. तिनं वर बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"काय काम काढलंत?"

"तुझी कोंबडी आमच्या परसात दिसली होती. आली का बघायला आले."

"कोंबडी ही काय, टोपलीखाली आहे."

"हो का. बरं झालं."

थोरली हलेना. धाकटीनं पिशवीकडं बघितलं. "त्यात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाहीतनं वाफ येतेय, जाऊबाई. ताकाला आलात तर भांडं कशाला लपवता?"

थोरलीनं पिशवी खाली ठेवली आणि हात पुढं केला. "या बोटाला कळत नाही गं काही. गरम कळत नाही, गार कळत नाही. म्हणून दही लागत नाही माझं. दूधवाल्याची काही चूक नाही."

धाकटीनं ते बोट हातात घेतलं. आधी दाबलं, मग नख रुतवलं. "कळतंय?"

"नाही."

"आणि आता?"

"नाही म्हणलं ना."

"कधीपासनं?"

"काय माहीत. थंडी सुरू झाल्यापासनं असेल."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? भिंतीला?"

"भिंतीला सांगायचं," धाकटी म्हणाली. "भिंतीपलीकडं मी होतेच की."

धाकटीनं भांड्यावरचं कापड काढलं, बोट बुडवलं आणि झटकन मागं घेतलं. "हे तर पोळतंय. यात विरजण घालून काय होणार? बसा जरा."

बसल्या. दूध निवेपर्यंत काहीतरी बोलायला हवं, म्हणून धाकटीनं फळीवरनं डबी काढली, दोन चमचे आणले. "घ्या. आंबट नाही."

"माहीत आहे. खाल्लंय मी."

"तुम्ही?"

"चांगलं असतं," थोरली म्हणाली. एवढं कबूल करताना तिचा जीव वर आला.

"असतं चांगलं. पण डबी एकटीपुरतीच येते," धाकटी म्हणाली. "कुणाला वाढायला उरत नाही. आणि जाऊबाई, तुमचं दही आंबट नव्हतं. थोडं होतं. पण दात आंबण्याइतकं नव्हतं." मग तिनं पुन्हा बोट बुडवलं, या वेळी ठेवलं. "आता घाला."

डबीतलंच विरजण घातलं. सकाळी भांडं कलतं केलं तर दही हललं नाही.

दवाखान्यातल्या बाईकडं धाकटीच तिला घेऊन गेली. गोळ्या मिळाल्या, आणि वेळ लागेल म्हणून सांगितलं. मग रोज संध्याकाळी थोरली भिंतीवरनं हाक मारायची, "ये गं, दूध खोळंबलंय," आणि धाकटी हात पुसत पुसत यायची. बोट बुडवायचं काम क्षणाचं, पण दूध निवायला वेळ लागतो. तेवढ्यात सगळ्या आळीची धुणी धुऊन व्हायची. दही जमत गेलं. एकदोघी वाटी घेऊन येऊनही गेल्या. थोरलीनं त्यांना आधी दोन शब्द ऐकवले, मगच विरजण दिलं. ते विरजण मुळात दुकानातल्या डबीचं, हे मात्र दोघींपैकी कुणी कुणाला सांगितलं नाही.

थंडी ओसरत आली तेव्हाची गोष्ट. थोरलीनं दूध उतरवून ठेवलं होतं, आणि सवयीनं बोट आत घातलं. तर बोटाला कळलं. कोमट, अगदी बेताचं. आता घालावं विरजण, असं बोटच सांगत होतं. तिनं बोट काढलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. खरंच कळत होतं. तिला आनंद झाला, आणि लगेच मनात आलं, आता धाकटीला हाक कशाला म्हणून मारायची?

भांड्यावर झाकण ठेवून ती भिंतीपाशी गेली. "ये गं. दूध खोळंबलंय."

धाकटी आली. थोरलीचं ओलं बोट तिनं बघितलं, मग थोरलीच्या तोंडाकडं बघितलं. झाकण काढून आपलं बोट बुडवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"अजून गरम आहे," ती म्हणाली. "बसावं लागेल जरा."

"बैस की," थोरली म्हणाली. "मला कुठं कळतंय?"

बोलता बोलता दूध पार गार होऊन गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दही पातळ निघालं. दोघींनी ते वाट्यांत ओतून घेतलं आणि दूधवाल्याची वाट बघत दारात बसल्या. त्याला दोन शब्द ऐकवायचे होते.